डिझेल की हायब्रिड: बाबांच्या डायरीवरून मांडलेला हिशेब

पुणे
16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत निघताना बाबा म्हणाले होते की, नवी गाडी घ्यायचीच असेल तर पुन्हा डिझेलचीच घेऊ, कारण डिझेलने आपल्याला कधी दगा दिला नाही. त्या वेळी मी काही बोलले नाही, कारण नीट हिशेब केल्याशिवाय त्यांच्याशी वाद घालणे मला योग्य वाटले नाही. मात्र निघण्यापूर्वी डॅशबोर्डच्या कप्प्यातील त्यांच्या निळ्या डायरीच्या सगळ्या पानांचे फोटो मी काढून आणले. गाडी घेतल्यापासून प्रत्येक वेळी टाकी फुल्ल केल्यावर किलोमीटर, लिटर आणि रुपये बाबांनी त्यात लिहून ठेवले आहेत, आणि इतका विश्वासार्ह पुरावा मला कोणत्याही शोरूममध्ये मिळाला नसता. गेले तीन रविवार मी त्यावर बसले आहे, आणि या वेळी डिझेलऐवजी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली गाडी घ्यावी असे मला का वाटते, ते पुढे मांडते.

सर्वांत आधी हे सांगते की, 2012 साली बाबांनी घेतलेला निर्णय अगदी बरोबर होता. त्या वर्षी पेट्रोल 75 रुपयांच्या पुढे गेले होते आणि डिझेल 45 च्या आसपास होते. बाबांची फिरतीची नोकरी होती. आज कराड, उद्या पाटण, परवा फलटण असे करीत 2014 या एका वर्षात गाडी 20,600 किलोमीटर धावली आणि तिने 1,020 लिटर डिझेल घेतले, म्हणजे ॲव्हरेज 20 च्या वर पडले. डिझेल गाडीसाठी जास्तीचे मोजलेले लाखभर रुपये दोन वर्षांत वसूल झाले. स्विफ्टचे ते 1.3 लिटरचे मल्टिजेट इंजिन होतेही तसेच काटक. एक लाख 88 हजार किलोमीटर होऊनही ते उघडावे लागलेले नाही.

पण त्याच डायरीची शेवटची पाने वेगळेच सांगतात. गेल्या बारा महिन्यांत गाडी 7,940 किलोमीटर चालली आणि तिला 540 लिटर डिझेल लागले, म्हणजे ॲव्हरेज 14.7 वर आले. गाडी जुनी झाली हे त्याचे एक कारण आहेच, परंतु मोठे कारण म्हणजे प्रवासच बदलला आहे. पुण्याच्या अकरा फेऱ्या सोडल्या तर बाकीचे साडेपाच हजार किलोमीटर साताऱ्यातच राजवाडा, पोवई नाका, मंडई, बँक आणि दवाखाना एवढ्यातच झाले आहेत. तीन किलोमीटर जायचे, गाडी बंद करायची, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करून तीन किलोमीटर परत यायचे, असा तो प्रवास आहे. शिवाय सरकारने ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोपवल्यानंतर पूर्वीची तीस रुपयांची तफावत राहिलेली नाही. आज पेट्रोल 104 आणि डिझेल साडेनव्वद धरले, तर लिटरमागे साडेतेरा रुपयेच वाचतात.

आता नव्या गाडीचा खर्च पाहा. वर्षाला 8,000 किलोमीटर धरले आहेत. मला आवडलेल्या डिझेल गाडीचे ॲव्हरेज तुमच्या वापरात 15 च्या पुढे जाईल असे मला वाटत नाही, म्हणजे 533 लिटर आणि सुमारे 48,000 रुपये. हायब्रिडच्या जाहिरातीत 27.97 असा आकडा दिसतो, पण तो चाचणीतला आहे आणि तो मी हिशेबात घेतलेला नाही. मैत्रिणीची हायब्रिड मी आठ दिवस ऑफिसला नेली. एसी लावून, चाकणच्या वाहतुकीत, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजून, बाबांच्याच पद्धतीने मला 22 मिळाले. त्या दराने 364 लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे 38,000 रुपये. वर्षाला दहा हजारांची बचत झाली. दोन्ही गाड्यांची जी कोटेशन मी आणली आहेत, त्यांत हायब्रिड एक लाख दहा हजारांनी महाग आहे. आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीवर पेट्रोल गाडीपेक्षा दोन टक्के जास्त मोटार वाहन कर लागतो, तो धरूनही हा फरक उरतो. म्हणजे ही जास्तीची रक्कम इंधनातून वसूल व्हायला अकरा वर्षे लागतील. हे मी लपवून ठेवणार नाही. केवळ पैशांचा प्रश्न असता, तर मी तुम्हाला हायब्रिडचा आग्रह केला नसता, आणि बाबा आजही वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर महामार्गावर फिरत असते, तर मी स्वतःच डिझेल घ्या म्हटले असते. सरळ रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या एकसारख्या वेगाने जाताना हायब्रिडला ब्रेकमधून परत मिळवायला फारसे काही नसते, आणि तिथे डिझेल इंजिन अजूनही उत्तम चालते.

माझी खरी काळजी वेगळी आहे, आणि ती नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या फिल्टरची आहे. आपल्या जुन्या गाडीत तो नाही, म्हणून बाबांना त्याचा अनुभव नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराविषयीचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांना हा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. माझ्या कामाच्या ठिकाणी असे फिल्टर रोज हातात येतात: मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा, ज्याची छिद्रे एकाआड एक बंद केलेली असतात, त्यामुळे धूर भिंतीतून झिरपून पलीकडे जातो आणि काजळी आत अडकते. ती साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी आतले तापमान 600 अंशांच्या आसपास जावे लागते, आणि गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग बऱ्या वेगाने चालावी लागते. राजवाडा ते मंडई एवढ्या अंतरात इंजिन धड तापतही नाही. जाळण्याची क्रिया सुरू व्हावी आणि बाबांनी दवाखान्यासमोर चावी फिरवून गाडी बंद करावी, असे पुन्हा पुन्हा होत राहील.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यावर हीच वेळ आली. त्यांचे घर कंपनीपासून चार किलोमीटरवर आहे. दीड वर्षात फिल्टरचा दिवा लागला, गाडीचा जोर गेला, आणि सर्व्हिस सेंटरने ‘तुमच्या चालवण्याचा दोष’ म्हणून वॉरंटी नाकारली. गाडी विकताना हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते, याचा मला आजही राग येतो. त्या दिवशी त्यांनी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले ऑइल मोजायची पट्टी, काढून मला दाखवली होती. ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही वर चढले होते, बोटाला पातळ लागत होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता. काजळी जाळण्यासाठी इंजिनात जास्तीचे सोडलेले डिझेल अर्धवट राहून ऑइलमध्ये उतरले होते, आणि अशा पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय. बाबा म्हणतील की, आम्ही महिन्यातून एकदा पुण्याला येतोच की. त्या फेरीत फिल्टर मोकळा होईलही. पण पुढे फेऱ्या कमी झाल्या, तर केवळ गाडीच्या फिल्टरसाठी तुम्हाला महामार्गावर चक्कर मारून यावे लागेल, आणि ते मला पटत नाही.

धुराविषयी मला दोघांशीही बोलायचे आहे, पण आई, तुझ्याशी जास्त. गाडी जिथे उभी असते तिथल्या कुंपणाच्या भिंतीवर, नळीच्या उंचीला, ताटाएवढा काळा डाग पडला आहे. दर दिवाळीला तो चुन्याखाली जातो आणि होळीपर्यंत परत दिसू लागतो. बाबा सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटे ठेवतात, आणि त्याच वेळी तू चार हातांवर तुळशीला पाणी घालत असतेस. तुझा खोकला त्यामुळेच आहे असे मी म्हणणार नाही, कारण ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. पण डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्येच जाहीर केले आहे, आणि तेच आपल्या गाडीचे वर्ष आहे. त्या वेळी पुण्यात बीएस-4 चे नियम होते, साताऱ्यात त्याहून सैल असे बीएस-3 चे. बीएस-3 च्या डिझेल गाडीला किलोमीटरमागे 50 मिलिग्रॅम काजळी सोडण्याची मुभा होती. आता ती मर्यादा साडेचार मिलिग्रॅमवर आली आहे. नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा 500 वरून 80 वर आली, पेट्रोल गाडीसाठी ती 60 आहे. म्हणजे नवी डिझेल गाडीसुद्धा जुनीपेक्षा कितीतरी स्वच्छ असेल, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ती स्वच्छता त्या फिल्टरवर अवलंबून आहे, आणि ज्या वापरात फिल्टरच गुदमरतो, त्या वापरासाठी ती घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. कर्बवायूचे गणित सोपे आहे: लिटरभर डिझेल जळले की सुमारे 2.65 किलो आणि लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कर्बवायू निघतो. वरच्या हिशेबाप्रमाणे डिझेलचा वर्षाला 1,400 किलो होतो, हायब्रिडचा 840.

आता बाबांच्या शंका. गॅरेजवाले काका म्हणाले की, बॅटरी गेली की गाडी भंगारात. टोयोटाने पहिली प्रियस डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये विकायला काढली, म्हणजे ही पद्धत अठ्ठावीस वर्षे रस्त्यावर आहे आणि परदेशांत टॅक्सीचालकांनी ती लाखो किलोमीटर वापरली आहे. मी पाहिलेल्या गाडीच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. तुमच्या वापराने आठ वर्षांत 64,000 किलोमीटर होतील. त्यानंतर बॅटरी बदलावी लागली तर खर्च मोठा असेल, हे खरे आहे. पण त्या गाडीत क्लचप्लेट नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, टर्बो नाही. ब्रेकचे बरेचसे काम मोटर करते, राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे उतरताना जो वेग एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो तो बॅटरीत साठतो, त्यामुळे ब्रेकपॅडही खूप टिकतात. बाबांच्या डाव्या गुडघ्याला क्लचपासून सुटका मिळेल, ती अर्थात ऑटोमॅटिक डिझेलमध्येही मिळाली असती.

उणिवाही सांगून ठेवते. बॅटरी मागे बसवल्यामुळे डिकी लहान आहे. गावाहून तांदळाची दोन पोती आणि आंब्याच्या पेट्या एकाच खेपेत येणार नाहीत. बॅटरीला थंड हवा देणारी जाळी आत, मागच्या बाजूला असते, तिच्यावर पिशव्या ठेवायच्या नाहीत आणि दर सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्यायची. यवतेश्वरचा घाट उतरताना ती लहानशी बॅटरी लवकर भरते. मग गिअरचा दांडा ‘बी’ या खुणेवर टाकून इंजिनाच्या रोधाने उतरायचे. पावसाळ्यात तुम्ही महिनाभर माझ्याकडे राहता, तेव्हा शेजारच्या दादांना सांगून आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालू ठेवायला हवी, नाहीतर साधी बारा व्होल्टची बॅटरी उतरेल. नारिंगी आवरणाच्या जाड तारांना गॅरेजवाल्या काकांनी हात लावायचा नाही, त्यात जिवाला धोका आहे. आणि अंगणात उंदीर फार आहेत, तेव्हा बॉनेटखाली जाळी पहिल्याच दिवशी.

विक्रेता ‘माइल्ड हायब्रिड’ स्वस्तात देऊ लागला तर भुलू नका. तिची मोटर इंजिनाला थोडा हात देते, पण गाडी केवळ विजेवर चालत नाही. आपल्याला हवी ती ‘स्ट्राँग हायब्रिड’. पूर्ण विजेच्या गाडीचाही मी विचार केला होता, परंतु गावाकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसताना ती काळजी तुमच्यावर टाकावीशी वाटली नाही.

घाई मुळीच नाही. आपल्या गाडीच्या पासिंगला 2027 मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतील, त्यामुळे येत्या पाडव्याला घेतली तरी चालेल. पुढच्या शनिवारी, 22 तारखेला मी येते आहे. साताऱ्यातल्याच शोरूममधून दोन्ही गाड्या तासभर चालवून पाहू, आणि शोरूमच्या ठरलेल्या मोठ्या रस्त्याने न जाता घर, मंडई, दवाखाना आणि परत घर अशाच चालवू. आई, तूही मागे बस आणि तुझी पाठ काय म्हणते ते सांग. बाबा, तोपर्यंत डायरीत एक रकाना वाढवाल का? प्रत्येक फेरी किती किलोमीटरची झाली तेवढेच लिहा. माझा तीन किलोमीटरचा अंदाज चुकला असेल, तर मी माझे मत बदलेन.

तुमची,
वैजू