चाचा, तुम्ही आधी मोजलंत

चाचा, नमस्कार.

नाव लिहू नका, नाहीतर लोक फोनवरच इलाज विचारत बसतात, असं तुम्ही बजावलंय. म्हणून नाव नाही, गॅरेजचा पत्ताही नाही. लातुरातले निम्मे ड्रायव्हर तुम्हाला चाचाच म्हणतात, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आभार खरं तर तोंडावर मानायचे होते, पण मी काही बोलायच्या आत तुम्ही दुसऱ्या बॉनेटखाली शिरलात.

तुम्हाला माहीत असलेलीच हकिगत पुन्हा लिहितेय, कारण हे पत्र बाकीच्यांनीही वाचावं असं वाटतं. बीडहून अहमदपूरला परत येत होतो. मांजरसुंब्याचा घाट, गाडीत सासूबाई आणि दोन पोरं, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. पेडल तळाला टेकलेलं. अशात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर मागून हॉर्न द्यायला लागला. उसाच्या ट्रॅक्टरनं रस्ता मागावा, याहून मोठी बेअब्रू आपल्या भागात नाही.

त्याआधी पंधरा दिवसांपूर्वीच इंजिनाच्या पुढच्या कव्हरमधून ऑइल गळतं म्हणून एका गॅरेजात ते उघडलं होतं, सोबत टायमिंग चेनही नवी टाकली होती. ही चेन पिस्टननं फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, या दोन दांड्यांना ठरल्या मेळानं फिरवते. गाडी मंद वाटते म्हटल्यावर 'नवी चेन आहे, सेट व्हायला वेळ लागतो' असं उत्तर मिळालं. इंजिनाचा दिवा लागला, तो त्यांनी मशीन लावून पुसून दिला. दोन दिवसांनी पुन्हा लागला. पुढं दुसरीकडं कॅमचा सेन्सर बदलला, तिसरीकडं ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइलच्या दाबानं कॅमची वेळ मागंपुढं करणारा. चौथ्यानं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, खोलायचे पंचेचाळीस हजार सांगितले, तेही माझ्याकडं न बघता, माझ्या नवऱ्याकडं बघून. गाडी मी चालवते, रोज शाळेत मी नेते, पण आवाज कसा येतो हे मला कुणी विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना खडखडतं का, गरम झाल्यावर थांबतं का, ऑइल कोणतं टाकलं. आणि मग, 'ह्याच्याआधी चेनला हात कुणी लावला होता का?' चेन नवी आहे म्हणून तिच्यावरचा संशय सगळ्यांनी आधीच काढून टाकला होता. तुम्ही नेमका तिथंच ठेवलात.

त्या दिव्यामागं गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला कोड होता पी ००१६. 'मॅडम, ह्याचा अर्थ सेन्सर खराब असा नाही,' तुम्ही म्हणालात. 'क्रँकचा आणि कॅमचा, दोघांचा जबाब जुळंना, एवढंच कॉम्प्युटर सांगायलंय. खोटं कोण बोलायलंय ते आपण काढायचं.' सेन्सरच्या वायरिंगचा कोड वेगळा असतो, पी ०३४०, हेही तुम्ही सांगितलंत. म्हणजे सेन्सरचे माझे पैसे तिथंच फुकट गेले होते.

मग तुम्ही मोजायला बसलात. आधी व्हॅक्यूम गेज, इंजिन आत हवा किती जोरानं ओढतं ते बघायला. काटा पाऱ्याच्या बारा इंचांवर, आणि स्थिर. मी मोबाइलवर पाहून म्हटलं, चांगल्या इंजिनाला अठरा ते वीस पाहिजे. तुम्ही हसलात: 'ते समुद्रकाठचं. लातूर दोन हजार फुटांवर आहे, आपल्याला दोन इंच सूट द्यायची. सोळा-सतरा आला असता तर मी काही बोललो नसतो.' मी पंधरा वर्षं पोरांना हवेचा दाब शिकवते, चाचा. हा दाखला मला कधी सुचला नव्हता.

नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. थ्रॉटल उघडा ठेवून, इंधन बंद करून, चारही सिलिंडर. बारा-तेरा बारच्या जागी साडेनऊच्या आसपास, चारही ठिकाणी. 'रिंग घासली, व्हॉल्व्ह जळला, तर एखादा कमी दाखवतो. चारी भाऊ एकाच दिवशी एकसारखे आजारी पडत नसतेत.' कॅम मागं राहिला की आत हवा घेणारे व्हॉल्व्ह उशिरा बंद होतात, पिस्टन वर येताना भरलेली हवा थोडी परत ढकलून देतो, आणि चारही सिलिंडरना सारखाच फटका बसतो. हेड खोलायचे पंचेचाळीस हजार वाचले ते या एका आकड्यानं.

तरी तुम्ही चेनचं नाव घेईनात. व्हेरिएबल टायमिंगचा, म्हणजे चालत्या इंजिनात कॅमची वेळ बदलणारा भाग अडकला असला तरी असंच दिसतं म्हणालात. इंजिन आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता नुसतं सुरू ठेवून ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हला थेट बॅटरीचा करंट दिलात. इंजिन लगेच थरथरलं, बंद पडायला आलं. म्हणजे तो भाग हलतोय. त्या व्हॉल्व्हची वायर काढून ठेवली तरी कॅम-क्रँकचा फरक तसाच राहिला. म्हणजे बसवतानाचा पायाच चुकलाय.

आणि मग तो छोटा स्कोप, सेन्सरचे विजेचे इशारे लहरी करून दाखवणारा. दोन वायरी, एक क्रँकच्या सेन्सरला, एक कॅमच्या, लॅपटॉपवर दोन लहरी. मला त्यातलं काही कळेना. तुम्ही बाजूच्या दुकानदाराची त्याच मॉडेलची धडधाकट गाडी पाच मिनिटं मागून आणलीत, तिची लहर घेतलीत आणि कॅलेंडरच्या पानामागं दोन्ही एकाखाली एक काढल्यात. लहरीतले क्रँकचे खुंट मोजले तर माझ्या गाडीची कॅमची खूण जवळजवळ २० अंश उशिरा पडत होती. 'ह्या इंजिनाला क्रँकच्या चाकाला किती दात असतेत माहीत आहे का? अठरा.' ३६० भागिले १८, मी उभ्या उभ्या केलं. बरोब्बर २०, एक दात. कॅमच्या चाकाला त्याच्या दुप्पट, ३६, कारण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. चेन नुसती ताणली असती तर आकडा असा नेमका दाताएवढा कशाला आला असता? त्या क्षणी मला जो आनंद झाला तो नवऱ्याला अजून समजावून सांगता आलेला नाही. गाडी बिघडलेली, आणि बाई खूश.

कव्हर उघडल्यावर सगळं तसंच निघालं. चेनची रंगीत कडी क्रँकच्या खुणेपासून एक दात सरकलेली. तुम्ही पोराला, म्हणजे तुमच्या हाताखालच्या मुलाला, तिथंच शिकवलंत: सगळं फिटिंग झाल्यावर पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा, कुठं अडकलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही, नाहीतर पिस्टन व्हॉल्व्हला भिडेल. आणि दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांवर नाही दिसल्या तर घाबरायचं नाही. चेनच्या कड्यांचा हिशेब वेगळा असतो, त्या पुन्हा जुळायला बरेच फेरे लागतात. बघायच्या त्या चाकांवरच्या खुणा. मला वाटतं, आधीच्या गॅरेजात नेमकं हेच कुणी पाहिलं नाही. चूक कुणाचीही होते, एक दात म्हणजे किती ते. पण दिवा पुसून गाडी परत देणं ही चूक नव्हे, चाचा, त्याला दुसरा शब्द आहे.

बिलात तुम्ही 'तपासणी ६००' असं वेगळं लिहिलंत. पुढच्या गिऱ्हाइकानं त्यावरून वाद घातला, 'नुसतं बघायचे सहाशे?' मी ऐकत होते. मी त्याआधी न बघता बदललेल्या पार्टना नऊ हजार दिले होते, हे त्याला सांगायला हवं होतं. आता इथं सांगतेय.

मागच्या आठवड्यात पुन्हा त्याच घाटातून आलो. गाडी तिसऱ्यात चढली. ट्रॅक्टर मागं राहिला, पोरांनी त्याला टाटा केलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ऑइल बदलायला येते. सासूबाईंनी तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवलीय. कॅलेंडरचं पान मात्र परत मागू नका, ते प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलंय.

तुमची,
अहमदपूरच्या शाळेतली मॅडम