प्रदर्शनातल्या प्रकल्पाची एक वायर काढून बघा

संपादक महोदय,

पुण्यात बुधवार पेठेत माझे इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचे दुकान आहे. शाळांची विज्ञान प्रदर्शने जवळ आली की काउंटरवर एकच मागणी सुरू होते. "रेडी प्रोजेक्ट आहे का? स्मार्ट डस्टबिन द्या, नाहीतर ते टाकीतल्या पाण्याचं." मागणारे आई-वडील असतात. ज्याच्या नावावर प्रकल्प लागणार, तो मुलगा बहुतेक वेळा क्लासला गेलेला असतो. सगळे जोडलेले, प्रोग्रॅम घातलेला, वर छापील फाइल, असा संच बाजारात सर्रास मिळतो. मी तो विकत नाही आणि विकणारही नाही, कारण याच काउंटरवर मला दुसरीही मुले भेटतात.

गेल्या वर्षी आठवीतली एक मुलगी मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर घेऊन आली. काट्यासारखे दोन पाय असलेला, स्वस्तातला. कुंडीत लावून थोडेच दिवस झाले होते. एक पाय जवळपास खाल्ला गेला होता, त्यावर हिरवट थर चढला होता; दुसरा मात्र शाबूत. "काका, दोन्ही एकाच मातीत होते, मग एकच कसा खराब झाला?" ओल्या मातीतून सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट गेला की धन बाजूचा धातू विरघळत जातो, एवढे मी सांगितले. पुढचा विचार तिने केला. सेन्सरला 5 व्होल्टवर कायम न ठेवता तिने त्याची पॉवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या बोर्डच्या एका पिनवरून दिली. रीडिंग घ्यायच्या वेळी पिन क्षणभर हाय (चालू) करायची, आकडा वाचायचा, लगेच लो (बंद) करायची. कोड चार ओळींनी वाढला आणि सेन्सर टिकायला लागला. विजेमुळे धातू असा विरघळतो तो इलेक्ट्रोलिसिसचा धडा शाळेत पुढे कधीतरी येईल, तेव्हा तिला तो पाठ करावा लागणार नाही.

हे ज्या बोर्डवर चालते तो आर्डुइनो 2005 मध्ये इटलीतल्या इव्हरेया गावातल्या डिझाइन संस्थेत जन्मला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना परवडावा आणि झेपावा, हाच त्यामागचा हेतू. आराखडा सर्वांना खुला ठेवल्यामुळे आज त्याची नक्कल तीन-चारशे रुपयांत मिळते. आर्डुइनोच्या ऊनो या बोर्डवर प्रोग्रॅमसाठी 32 केबी जागा आणि 2 केबी रॅम, म्हणजे मोबाइलपुढे काहीच नाही. नवख्यासाठी मला तेच सोयीचे वाटते. एवढ्याशा जागेत काय चालले आहे ते मुलाला पूर्ण समजू शकते. सुरुवात एलईडी आणि त्याचा करंट मर्यादेत ठेवणाऱ्या 220 ओहमच्या रेझिस्टरने करावी. 5 व्होल्टपैकी 2 व्होल्ट लाल एलईडी घेतो, उरलेल्या 3 व्होल्टला 220 ने भागले की साधारण 14 मिलीअँपिअर. हा भागाकार ज्याने स्वतः केला, त्याला रेझिस्टर कशाला लावायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

सरकारने 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळांसाठी, शाळांना 20 लाखांपर्यंत अनुदान दिले. 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50 हजार लॅब जाहीर झाल्या. सामान शाळांपर्यंत पोचते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रदर्शनात बक्षीस ज्याचे मॉडेल चकचकीत त्याला मिळत राहिले, तर पालक रेडी प्रोजेक्टच घेणार. त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

म्हणून परीक्षकांना माझी विनंती आहे. प्रकल्प चालू स्थितीत बघून झाला की तो बंद करायला सांगा, मुलाला पाठ फिरवायला सांगून एक जम्पर वायर (भाग जोडणारी सुटी वायर) काढा आणि म्हणा, "आता चालू करून दाखव." ज्याने ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांच्या पट्टीवर, स्वतः जोडणी केली आहे, तो आधी ग्राउंडची (ऋण बाजूची) वायर तपासेल, मग सिग्नलची वायर बघेल, व्होल्ट मोजायला मल्टीमीटर मागेल. पाच मिनिटांत नाहीच सापडली तरी तो कुठे शोधतो यावरून सगळे कळते. टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या प्रकल्पात विचारा, आवाज सोडून अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरने मोजलेल्या वेळेला दोनने का भागलेस? आवाज पाण्यापर्यंत जाऊन परत येतो, हे उत्तर तयार संच घेणाऱ्याकडे सहसा नसते.

पालकांना एक कळकळीचे सांगणे. बाजारातल्या अनेक तयार मॉडेलमध्ये रिलेवरून (बोर्डने चालू-बंद होणाऱ्या स्विचवरून) थेट 230 व्होल्टचा बल्ब लावलेला असतो आणि रिलेचे स्क्रू उघडे असतात. वर्गातली मुले गर्दी करून त्यावर वाकतात. शिकण्यासाठी घरच्या मेनला, म्हणजे 230 व्होल्टच्या विजेला, हात लावायची गरजच नाही. यूएसबीचे 5 व्होल्ट किंवा 12 व्होल्टचा छोटा अडॅप्टर आणि 12 व्होल्टचाच दिवा पुरतो. ज्या मॉडेलमधून टू-पिन वायर अडॅप्टरशिवाय थेट भिंतीतल्या सॉकेटला जाते, ते शाळांनी प्रदर्शनात मांडूच देऊ नये.

प्रदर्शनाआधी शाळांना नियमांचे पत्रक जाते. त्यात दोन ओळी वाढवाव्यात: थेट मेनवर चालणारे मॉडेल स्वीकारले जाणार नाही, आणि एकूण गुणांपैकी निम्मे गुण परीक्षकाने काढलेली जोडणी शोधून दुरुस्त करण्याला असतील.

आपला,
एक दुकानदार, बुधवार पेठ, पुणे