त्या काळ्या विंडोचंही ट्रेनिंग द्या की

मा. संपादक,
स.न.

हल्ली तुमच्या पेपरात दर दोन दिवसाआड एआय येणार, क्लार्क लोकांचं काम जाणार असं काहीतरी असतंच. मी एका अनुदानित हायस्कूलमधला क्लार्क, नोकरीला बावीस वर्षं झाली. माझं म्हणणं एवढंच, एआय येईल तेव्हा येईल, पण आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये जे आधीपासून फुकट बसलंय ते तरी कोणी दाखवा आम्हाला. कमांड प्रॉम्प्ट म्हणतात ती काळी विंडो आणि तिच्यात चालणारी बॅच फाईल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचे हुकूम एकाखाली एक लिहिलेली साधी फाईल. विंडोजच्या आधी डॉस होतं, त्या 1981 च्या डॉसपासून आहे ती, आजच्या विंडोज 11 मध्येपण आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या दहा क्लार्कना विचारलं तर नऊ जण म्हणतील की व्हायरस आला की ती उघडते.

आता कामाचं सांगतो. दरवर्षी जूनमध्ये फोटोवाला येतो, वर्गवार, रोल नंबरच्या क्रमाने पोरांचे फोटो काढतो आणि पेनड्राईव्ह देऊन जातो. आतमध्ये डीएससी_0412, डीएससी_0413 अशी नावं. आम्हाला पाहिजे प्रत्येक फोटोला त्या पोराचा जनरल रजिस्टर म्हणजे जीआर नंबर, कारण ओळखपत्र, ऑनलाईन फॉर्म, सगळं त्या नंबरावर चालतं. आमची पटसंख्या आठशेच्या पुढे. एकेका फोटोवर राईट क्लिक, रिनेम, रजिस्टर बघ, नंबर टाईप कर, एंटर... मी पाच वर्षं असं केलंय हो, शनिवार रविवार शाळेत बसून, आणि शिपाई मामा बिचारे समोर बसून नंबर वाचून दाखवायचे. एकाने सॉफ्टवेअर देतो म्हणून कोटेशन दिलं होतं, आकडा बघून मुख्याध्यापक सरांनी ते फाईलला लावलं आणि विषय संपला.

मग भाचा आला दिवाळीला, पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणाला मामा हे दहा मिनिटांचं काम आहे. आधी काळ्या विंडोत डिर स्लॅश बी करून फोल्डरमधल्या सगळ्या नावांची यादी एका टेक्स्ट फाईलमध्ये काढली, ती एक्सेलच्या ए कॉलममध्ये चिकटवली, बी मध्ये रोल नंबरच्या क्रमाने जीआर नंबर (ते आमच्याकडे होतेच), आणि सी मध्ये फॉर्म्युला लावून तिन्ही जोडले, आर ई एन म्हणजे रिनेम, मग जुनं नाव, मग नवं नाव. खालपर्यंत ओढलं की साठ पोरांच्या साठ ओळी तयार. त्या उचलून नोटपॅडमध्ये टाकायच्या, .बॅट नावाने सेव्ह करायचं, फोटोंच्याच फोल्डरमध्ये ठेवून डबल क्लिक. मी डोळे मिटून उघडेपर्यंत झालं होतं सगळं. खरं सांगतो, आधी आनंद नाही झाला, आधी ते शनिवार रविवार आठवले.

पण लगेच सगळं गुळगुळीत झालं असं समजू नका. पहिल्याच वर्षी दहावी ब मध्ये घोळ. पट 61, फोटो 60, कारण रोल नंबर 24 चा मुलगा त्या दिवशी गैरहजर, आणि ते माझ्या ध्यानात नाही. म्हणजे 25 व्या पोराचा फोटो 24 च्या नावावर गेला आणि तिथून खाली सगळं एकेक घर सरकलं. शेवटच्या ओळीला कॉम्प्युटरने सांगितलंही असणार की कमांड चुकलीय, पण मी शेवटी पॉज, म्हणजे विंडो थांबवून ठेव, हा शब्द लिहिला नव्हता, त्यामुळे काळी विंडो आली काय आणि गेली काय. ओळखपत्रं छापून आली तेव्हा शिपाई मामांनी आणून दाखवलं, नाव मुलाचं आणि फोटोत दोन वेण्या घातलेली मुलगी. 37 कार्डं परत छापली. चूक माझीच, कॉम्प्युटरने सांगितलं तेवढंच केलं.

त्यातनं एक गोष्ट मात्र शिकलो जी कुठल्या कोर्सात नव्हती. तीच एक्सेल घ्यायची, ए आणि बी ची जागा बदलायची, नवं नाव आधी, जुनं नंतर, की झाली उलटी बॅच फाईल. ती चालवली की सगळे फोटो परत डीएससी. तेव्हापासून सुलटी फाईल चालवायच्या आधी उलटी बनवून ठेवतो आणि मगच पुढे. आणि सुलटीसुद्धा पहिल्यांदा प्रत्येक ओळीच्या आधी इको लावून चालवतो, म्हणजे कॉम्प्युटर काय करणार ते नुसतं लिहून दाखवतो, करत काही नाही.

आपल्या मराठी लोकांचे प्रॉब्लेम तर वेगळेच, ते कुठल्या इंग्रजी पुस्तकात नीट सापडत नाहीत. आमच्याकडे फोल्डरचं नाव असतं दहावी ब नवीन फायनल. पूर्वी डॉसमध्ये आठ अक्षरांच्या वर नावच देता येत नव्हतं, विंडोज 95 पासून लांब नावं आणि मधे स्पेस आले, पण काळ्या विंडोला स्पेस दिसला की तिला वाटतं नाव संपलं, म्हणून नावाला दोन्हीकडून अवतरण चिन्हं पाहिजेतच. आणि नाव देवनागरीत असेल तर नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली यूटीएफ-8 (मराठी अक्षरं टिकवणारी पद्धत) निवडायचं, जुन्या कॉम्प्युटरवर ते एएनएसआय असतं आणि मग सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात, आणि बॅच फाईलच्या सुरुवातीला सीएचसीपी 65001 ही एक ओळ, म्हणजे काळ्या विंडोला ती मराठी वाचता येते. एवढ्यासाठी मी दोन संध्याकाळी घालवल्यात. तिसरं म्हणजे सेव्ह करताना ऑल फाईल्स निवडलं नाही तर फाईल .बॅट.टीएक्सटी होते, शेवटचं टीएक्सटी विंडोज लपवून ठेवतं, आणि माणूस डबल क्लिक करत बसतो तर नुसतं नोटपॅड उघडतं.

आता माझं मोठं पाप सांगतो, नाव छापणार नाही म्हणाल तरच. बॅकअपसाठी रोबोकॉपी म्हणून कमांड आहे, विंडोज व्हिस्टापासून आयतीच मिळते, चांगलीच आहे, मधे लाईट गेली तरी परत चालवली की झालेल्या फाईल्स सोडून पुढचं उचलते. तिला स्लॅश मिर लावलं की ती आरसा करते, म्हणजे इकडे जेवढं तेवढंच तिकडे, आणि तिकडे जास्तीचं काही असेल तर ते उडवते. माझी बॅच फाईल होती डी ड्राईव्हमधले फोटो ई ड्राईव्हवर. ई म्हणजे शाळेचा पेनड्राईव्ह, रोज तोच असायचा. एक दिवस मुख्याध्यापक सरांचा पेनड्राईव्ह आधीच लावलेला होता, त्याला ई हे अक्षर मिळालं, शाळेच्याला एफ, आणि मी नेहमीप्रमाणे डबल क्लिक करून चहाला गेलो. सरांच्या पेनड्राईव्हवर त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो होते. रिसायकल बिन वगैरे काही नसतं हो इथे, गेलं ते गेलं. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरेचसे परत आले, सगळे नाही आले. सर काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून शाळेच्या पेनड्राईव्हवर एक रिकामी टेक्स्ट फाईल ठेवलीय खुणेची, आणि बॅच फाईलच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, इफ नॉट एक्झिस्ट, ती फाईल ई वर दिसत नसेल तर तिथेच थांब. आणि मिर लावायच्या आधी एकदा स्लॅश एल लावून बघतो, ती नुसती यादी दाखवते काय जाईल काय राहील ते.

साहेब, हे सगळं मी ठेचा खाऊन शिकलो. आम्हाला ट्रेनिंगला बोलवतात तेव्हा वर्ड मध्ये अर्ज कसा टाईप करायचा ते परत परत सांगतात, जेवण बरं असतं. त्यात दुपारचे तीन तास या काळ्या विंडोला द्या. नाव बदलणं, कॉपी, यादी काढणं आणि उलटी फाईल बनवणं, एवढं बास आहे. आणि ग्रुपवर कोणी पाठवलेली बॅट फाईल डोळे झाकून चालवू नका हेही त्याच दुपारी सांगा, जीमेल अशा फाईली अडवतं ते बरोबरच करतं. पण बॅट फाईलचं एक चांगलं आहे, राईट क्लिक करून एडिट केलं की आत काय लिहिलंय ते सगळं साध्या अक्षरात वाचता येतं, वाचायला शिकवलं पाहिजे फक्त.

शेजारच्या दोन शाळांतले क्लार्क आता जूनमध्ये माझ्याकडे पेनड्राईव्ह घेऊन येतात. मी फोटो करून देत नाही, एक्सेल उघडून त्यांनाच बसवतो, आणि पहिला प्रश्न विचारतो की गैरहजर कोण होतं.

आपला,
एक शाळा क्लार्क
(नाव छापू नये. पेनड्राईव्हचं प्रकरण आमच्या स्टाफरूममध्ये अजून सगळ्यांना माहीत नाही.)