प्रशिक्षकांसाठी धावताना

महोदय,

महाविद्यालयीन धावपटू घडवणारे शहरातील एक ज्येष्ठ प्रशिक्षक रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेत आहेत. 'आमचं रक्त घ्या' म्हणून पोरांची रीघ लागली आहे. भावना खरी, पण एकाच दिवशी तीस जणांनी देऊन उपयोग नाही. केमोनंतर वारंवार लागतात त्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, आणि त्या पिशवीत जेमतेम 5 दिवस टिकतात. म्हणून रक्तगटानुसार यादी करा, रक्तपेढी बोलावील तेव्हाच दोघे-तिघे जा.

यंत्रावर (ते रक्तातल्या प्लेटलेट तेवढ्या काढून बाकीचे रक्त परत देते) प्लेटलेट द्यायला वजन किमान 50 किलो, हिमोग्लोबिन 12.5 आणि प्लेटलेट दीड लाखांच्या वर हव्यात. लांब पल्ल्याचे धावपटू नेमके वजनातच अडकतात! आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन नको. उपाशीपोटी जाऊ नका. तास-दीड तास लागतो. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटने कॅल्शियम उतरते, त्याचे ते लक्षण. पुढच्या वेळेपर्यंत किमान 48 तास जाऊ द्यात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर सख्ख्या नातलगांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

आणि भेटायला झुंडीने जाऊ नका. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधी सर्दीही महागात पडते. गंगावेशीतले धारोष्ण दूध तर मुळीच नेऊ नका, कितीही प्रेमाचे असले तरी. न तापवलेल्या दुधातून जंतुसंसर्ग होतो. कच्ची कोशिंबीरही नको. त्यापेक्षा स्टॉपवॉचवरच्या रोजच्या वेळा लिहून पाठवा.

– काही माजी धावपटू, कोल्हापूर