पालकमंत्री साहेब, आमच्या बैलांचा हौद कुठे गेला?

प्रति,
मा. पालकमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. गेल्या पोळ्याला आपण आमच्या चौकात आलात. माझ्या निमाडी बैलजोडीला हार घातलात, फोटो झाले, आणि माइकवर म्हणालात की हा दगडी हौद शहराचा वारसा आहे, उन्हाळ्याच्या आत त्यात नळाचं पाणी आणतो. टाळ्या मीही वाजवल्या. उन्हाळा आला. पाण्याऐवजी जेसीबी आला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी हौद उखडला आणि त्या जागी पेव्हर ब्लॉक टाकून शहराच्या नावाचा दिव्यांचा बोर्ड लावला. सेल्फीसाठी.

कोण्या कापूसवाल्या शेठने पुण्य म्हणून बांधलेला हौद होता तो. वर माणसांची तोटी, मधे बैलांच्या गळ्याला येईल अशी हाळ, आणि सांडलेलं पाणी खालच्या खळग्यात, शेळ्या-कुत्र्यांसाठी. माझे आजोबा जिनिंगला कापसाच्या गाड्या आणायचे, तेव्हा बैल सोडायची जागा तीच. शेवटची काही वर्षं तो कोरडाच होता, तरी आम्ही चहावाल्याकडून बादल्या आणून भरायचो. भरायला काहीतरी होतं ना! आता ब्लॉकवर पाणी ओतू का?

वैशाखात पारा 45 ला टेकतो, ते आपल्याला एसी गाडीतूनही कळत असेल. कामाचा बैल या दिवसांत चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पितो. मध्यंतरी सिमेंटच्या गोण्या घेऊन जाताना माझा डावा बैल त्या बोर्डासमोरच बसला. उठेना. लोकांनी मोबाइल काढले, बादली कोणी काढली नाही. व्हिडिओ फिरला आणि संध्याकाळी कारवाई झाली. माझ्यावर!

कारवाई करणाऱ्या साहेबांनी मला कायदा वाचून दाखवला. 1960 चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, जनावराला पुरेसं पाणी न देणं हा गुन्हा. शिवाय 1965 चे नियम: पारा 37 च्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायचं नाही. उत्तम नियम आहे. खान्देशात 37 म्हणजे मार्चमधला गारवा, तरी मान्य. मग मला सांगा, दुकानदाराला माल एक वाजता हवा असतो, त्याला कोणता नियम? आणि ज्यांनी हौद तोडला त्यांना कोणतं कलम? पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. मी भरतो. हौद तोडणाऱ्यांकडून पण पन्नास घ्या, आम्ही चौकात पेढे वाटू.

बैल वाचला. सलाईन, इंजेक्शनं, डॉक्टरांची उधारी, आठवडाभर धंदा बंद. पोरगा म्हणतो, आबा, जोडी विका, छोटा हत्ती टेम्पो घ्या. कोणाला विकू? 2015 पासून बैलाची कत्तल बंद आहे, चांगलंच आहे, मला माझा बैल कापायला द्यायचा नाही. पण थकलेला बैल घेणार कोण, आणि पोसणार कोण, हे कायदा करताना विचारलं का कोणी? 2024 मध्ये देशी गाईला राज्यमाता केलंत. राज्यमातेचा लेक भर चौकात तहानेने पडला, तर सरकार त्याच्या मालकाला पावती फाडतं.

नातू मोबाइलवर दाखवत होता. लंडनमध्ये 1859 साली लोकांनी वर्गणी काढून पाणपोयांची संस्था काढली, पुढे गुरांचे हौदही बांधले. आज तिथे रस्त्यावर घोडे-गुरं फारशी नाहीत, तरी कित्येक हौद जागेवर आहेत, त्यात फुलं लावतात. ते जाऊ द्या, मुंबईत भात बाजारात 1876 चा केशवजी नायकांचा कारंजा दुरुस्त केला. मुंबईचा दगड वारसा, आमचा दगड राडारोडा.

पाणी नाही म्हणू नका. तापी आमच्या डोळ्यांदेखत गुजरातच्या उकाई धरणाला जाते, पाडळसे धरण निवडणुकीगणिक भाषणात भरतं आणि भाषण संपलं की रिकामं होतं. आमच्याकडे नळ येतो तेव्हा अर्धं शहर रात्री जागं असतं. आखाजीला आम्ही पितरांच्या नावाने घागर भरतो. मेलेल्यांची तहान आम्हाला कळते, जित्या जनावराची कळायला वरून आदेश लागतो का?

मागणं मोठं नाही. हौदाचे घडीव दगड कुठे नेले, कोणाच्या बंगल्याच्या कंपाउंडला लागले, ते लेखी कळवा. सापडतील तेवढे परत आणून बाजाराच्या कोपऱ्यात हौद उभा करा, आणि पाइप जोडा. बोर्ड राहू द्या, हवं तर तुमचं नावही लावा. तोवर यंदाच्या पोळ्याला माझी जोडी फोटोला मिळणार नाही. हार आणलाच तर बोर्डाला घाला.

आपला,
एक गाडीवान