ह्वेच्या दरबारी संगीताला प्रवासवर्णनात जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हिएतनामला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे आणि त्या देशावरची प्रवासवर्णनेही आपल्या रविवार पुरवणीत वरचेवर वाचायला मिळतात. हालाँगचा उपसागर, हानोईच्या गल्ल्या, कू चीची भुयारे यांविषयी त्यांत भरभरून लिहिलेले असते. मात्र ह्वे या जुन्या राजधानीची पाळी आली, की ‘राजवाड्यात पारंपरिक संगीताचा कार्यक्रम पाहिला’ एवढ्यावर विषय संपतो. मी गेली चाळीस वर्षे भजनी मंडळांना पखवाजाची साथ करतो आणि ते संगीत मी ह्वेला जाऊन ऐकले आहे. त्याची अशी एका वाक्यात बोळवण झालेली वाचली, की मनाला लागते. म्हणून हे पत्र.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. ह्वेमध्ये रात्री नदीतल्या नावांवर पर्यटकांसाठी जे गाणे होते, ते ‘का ह्वे’. ते बैठकीचे, शब्दप्रधान गायन आहे आणि तेही सुंदर आहे. राजवाड्यात ऐकू येते ते ‘न्या न्याक’, म्हणजे शब्दशः ‘शिष्ट संगीत’. न्गुयेन घराण्याने १८०२ ते १९४५ या काळात ह्वेमधून राज्य केले आणि राज्याभिषेक, वाढदिवस, परकीय वकिलांचे स्वागत, पूर्वजांची पूजा अशा प्रत्येक प्रसंगी कोणते वादन व्हावे हे त्या दरबारात ठरलेले असे. युनेस्कोने १९९३ मध्ये ह्वेच्या वास्तूंना जागतिक वारसा म्हटले आणि २००३ मध्ये या संगीताला मानवजातीच्या अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून गौरविले. व्हिएतनामला त्या प्रकारचा मान तेव्हा प्रथमच मिळाला.

या संगीताचे दोन वाद्यमेळ आहेत. ‘दाई न्याक’ म्हणजे मोठे संगीत. त्यात मोठे ढोल, झांजा आणि आपल्या सनईच्या कुळातले ‘केन’ हे वाद्य असते. ‘तिएउ न्याक’ म्हणजे लहान संगीत. त्यात बासरी, दोन तारांचे गजाने वाजवायचे ‘दान न्यी’, चंद्रासारख्या गोल पेटीचे ‘दान न्गुयेत’, नासपतीच्या आकाराचे ‘ती बा’ आणि जुनी नाणी बसवलेली लाकडी चिपळी एकत्र वाजतात. लहान मेळाच्या दहा रचनांची एक माळ आहे. ती लागोपाठ वाजवली जाते आणि तिच्या ‘ताउ मा’, म्हणजे ‘दौडणारा घोडा’, या शेवटच्या रचनेपर्यंत लय चढत जाते. प्रत्येक वादक मूळ सुरावट सांभाळतो, पण ती आपापल्या वाद्याच्या प्रकृतीप्रमाणे सजवतो. मूळ सुरावट आधी चोख, सरळ शिकावी आणि वाजवताना तिला फुले-पाने फुटू द्यावीत, असे तिथले जुने वादक शिष्यांना सांगत. बंदिश आणि बढत हे नाते ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. विद्याही तोंडातून कानाकडे आणि बोटांकडून बोटांकडे अशीच जात असे; ढोलाचे बोलसुद्धा आधी तोंडाने म्हणून घ्यावे लागत.

माझ्यासारख्या पखवाजी माणसाला सर्वांत अधिक हलवून गेली ती एका मृदंगाची गोष्ट. आजच्या मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर पूर्वी चंपा राज्य होते. तेथे शिवाची मंदिरे होती आणि संस्कृत शिलालेख कोरले जात. उत्तरेच्या दाई व्हिएत राज्याचा राजा ली थाई तोंग याने १०४४ मध्ये चंपावर स्वारी केली आणि तेथल्या नाचगाण्यात निपुण असलेल्या स्त्रियांना आपल्याबरोबर नेले. चंपाचा एक लांबट, दोन्ही तोंडांनी वाजणारा मृदंगही उत्तरेच्या दरबारात पोचला. त्याच्या पुडीच्या, म्हणजे तोंडावरच्या कातड्याच्या, मध्यावर शिजलेला भात मळून थापतात आणि त्याने नाद हवा तसा लावून घेतात. त्याचे नावच ‘त्रोंग कम’, म्हणजे भाताचा ढोल. आपण पखवाजाच्या धूमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावतो ती याचसाठी. चौदाव्या शतकातील ले ताक या लेखकाने हे वाद्य चंपाचे असल्याचे आणि ते राजाच्या मोठ्या वाद्यमेळात वाजत असल्याचे नोंदवले आहे. आज हा ढोल ह्वेच्या दरबारी मेळापेक्षा उत्तरेतल्या लोकसंगीतात अधिक दिसतो, पण कणकेचा गोळा हातात घेताना मला आता त्या भाताची आठवण होतेच.

चंपाचे संगीत आणखी दूरही गेले. बोधिसेन हा भारतीय भिक्षू चंपाकडच्या एका भिक्षूबरोबर ७३६ मध्ये जपानला पोचला आणि तेथल्या दरबारी संगीतात त्या प्रदेशाच्या नावाचा एक विभागच तयार झाला. जपानच्या त्या संगीताचे ‘गागाकू’ हे नाव आणि ‘न्या न्याक’ हे नाव चिनी लिपीतल्या त्याच दोन अक्षरांनी लिहितात.

दरबारी संगीत म्हणजे राजाच्या करमणुकीची चैन, असे कोणी म्हणेल, तर त्याला १४३७ सालचा एक प्रसंग सांगावासा वाटतो. राजा ले थाई तोंगने दरबारी संगीताची घडी बसवण्याचे काम कवी आणि मुत्सद्दी न्गुयेन त्राई व लुओंग दांग या अधिकाऱ्यावर सोपवले होते. लुओंग दांग चीनच्या मिंग दरबाराची व्यवस्था जशीच्या तशी आणू पाहत होता. न्गुयेन त्राईला ते पटले नाही आणि त्याने त्या कामातून मुक्त होण्याची परवानगी मागितली. त्याआधी राजाला सादर केलेल्या निवेदनात त्याने म्हटले होते, की आडगावांतल्या झोपड्यांतून दुःखाचा आणि तक्रारीचा सूर उमटू नये एवढी काळजी राजाने प्रजेची घ्यावी, कारण संगीताचे मूळ तेथे आहे. दरबारी संगीताविषयी यापेक्षा खोल विचार मी तरी वाचलेला नाही.

या संगीताचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे ह्वेच्या दक्षिणेला ‘नाम याओ’च्या वेदीवर होणारा आकाश आणि पृथ्वी यांचा यज्ञ. ही तीन टप्प्यांची वेदी १८०६ मध्ये बांधली गेली. वरचा टप्पा आकाशासाठी गोल, खालचे दोन चौकोनी. तेथे आठ रांगांत आठ असे ६४ नर्तक नाचत. शेवटचा यज्ञ १९४५ मध्ये झाला. त्याच वर्षी ३० ऑगस्टला बाओ दाई या अखेरच्या राजाने राजवाड्याच्या दरवाजावर सिंहासनाचा त्याग केला आणि ज्या विधींसाठी हे संगीत होते, ते विधीच उरले नाहीत. आपल्याकडे संस्थाने विलीन होण्याच्या कितीतरी आधी पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते आणि रागसंगीत तिकिटाच्या मैफलींत रुळू लागले होते. ह्वेच्या वादकांना अशी उसंत मिळाली नाही. १९४७ मध्ये राजवाड्याचा अंतर्भाग जळाला आणि १९६८ च्या लढाईत उरलेल्याचीही मोठी हानी झाली.

तरीही विद्या वाचली. दरबारात वाजवलेले काही वादक दीर्घायुषी निघाले. पॅरिसमध्ये राहून आयुष्यभर व्हिएतनामी संगीताचा अभ्यास करणाऱ्या त्रान वान खे यांनी ते जगापुढे मांडले. १९९० च्या दशकात ह्वेच्या कला महाविद्यालयात जपानच्या साहाय्याने न्या न्याकचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि वृद्ध वादक तेथे तरुणांना शिकवू लागले. आज राजवाड्यातील युएत थी दुओंग या १८२६ सालच्या नाट्यगृहात पर्यटकांसमोर वाजवणारी मंडळी याच धडपडीतून तयार झाली आहेत. आमच्या सहलीच्या वेळापत्रकात त्यांच्या वाट्याला मोजकी वीस मिनिटे आली होती आणि दहा रचनांची माळ अर्ध्यावर असतानाच आम्हाला बसकडे बोलावण्यात आले. घोड्याची दौड मी ऐकली ती दुसऱ्या दिवशी, स्वखर्चाने परत जाऊन.

माझी विनंती साधी आहे. व्हिएतनामवरचा पुढचा लेख छापताना ह्वेसाठी निदान अर्धे पान राखावे, त्यात न्या न्याक आणि का ह्वे यांतला फरक स्पष्ट करावा आणि वाचकांना तेथे पूर्ण कार्यक्रमाइतका वेळ हाताशी ठेवून जाण्यास सुचवावे. भात थापलेल्या त्या ढोलाचे छायाचित्र सोबत छापता आले, तर आमच्या भजनी मंडळातले पखवाजी ते कापून जपून ठेवतील.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली