दहा नंबरची जर्सी

टोरांटो,
१० जुलै २०१९

प्रिय बंड्या,

‘काय मग, झालास ना खूश?’ एवढा एका ओळीचा तुझा मेसेज. आपले टोरांटो रॅप्टर्स एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल जिंकून तास झाला नसेल तेव्हा आलेला. महिना होत आला, मी उत्तर दिलं नाही म्हणून तू फुगून बसला असशील. ‘हो’ लिहायला घेतलं की खोटं वाटायचं, आणि ‘नाही’ लिहिलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस. म्हणून आता निवांत बसून पत्रच लिहितोय.

रडलो, हे आधी सांगून टाकतो. १३ जूनची गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धची ती फायनलची सहावी मॅच, त्यांच्या ओकलंडला. आपल्या काइल लाउरीनं टीमचे पहिले अकराही पॉइंट एकट्यानं केले. तोच लाउरी बरं का, प्लेऑफ, म्हणजे सीझन-शेवटच्या बाद फेऱ्या, आल्या की हातपाय गाळतो म्हणून आपण ज्याला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या! ११४-११० झालं आणि मला उभंच राहवेना. १९९५ पासूनची टीम, आणि पहिलं विजेतेपद. रस्त्यावर उतरलो तर अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. मीही पडलो. तेवढ्यात एक पोरगा माझी पाठ बघून हसला, म्हणाला, “जर्सी चुकलीय तुझी!”

डीमार डीरोझनची होती रे, आपल्या जुन्या स्टारची. दहा नंबर.

त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं तो ट्रेडचा दिवस, १८ जुलै २०१८, तू विसरला नसशीलच. तू जर्सी सोफ्यावर भिरकावलीस, ‘आजपासून रॅप्टर्स मेले’ म्हणालास, आणि पुढच्या महिन्यात व्हॅंकूव्हरला निघून गेलास. मला तेव्हा तुझा अतिरेक वाटला होता. पण तुझं म्हणणं चुकीचं कुठे होतं? आधीचे स्टार बघ, कार्टर गेला, बॉश गेला. ज्याला त्याला इथून सुटायची घाई. हा एकटा नऊ सीझन राहिला. २०१६ मध्ये करार संपून मोकळा होता, तरी दुसऱ्या टीमच्या दारातसुद्धा न जाता इथेच सही केली. आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलला, तोही याच शहराचा खेळाडू असताना. क्लीव्हलँडच्या लेब्रॉननं तीन वर्षं ओळीनं प्लेऑफमध्ये आपल्याला लोळवलं, त्यातली शेवटची दोन तर ४-० नं. आणि त्याची किंमत चुकवायला पाठवलं कोणाला, तर यालाच. सॅन अँटोनिओला.

बदल्यात कवाय लेनर्ड आला. हसत नाही, बोलत नाही, सीझनच्या ८२ पैकी ६० मॅच खेळतो. मी वर्षभर त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत होतो. २२ फेब्रुवारीला डीरोझन पहिल्यांदा इथे परत आला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि शेवटच्या काही सेकंदांत कवायनं त्याच्याच हातातला बॉल हिसकावून पलीकडे जाऊन डंक मारला. मॅच आपण जिंकलो. आजूबाजूचे नाचत होते, मला मात्र टाळी वाजवावी की नाही ते कळेना. मग मे महिन्यात प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या मॅचचा त्याचा तो शेवटचा शॉट. रिंगवर चार टप्पे घेऊन आत पडला, तेव्हा मात्र मी सोफा ओलांडून उडी मारली. पाहुणा त्या क्षणी घरचा झाला. इतक्या लवकर झाला, याचीच मला लाज वाटते.

पण खरी लाज वेगळीच आहे, आणि ती फक्त तुला सांगतोय. फायनलच्या पाचव्या मॅचला वॉरियर्सचा स्टार ड्युरंट दुखापतीनंतर महिन्याभरानं परतला, बारा मिनिटांत ११ पॉइंट करून गेला, आणि मग टाचेवरची शीर, अकिलीस, धरून खाली बसला. स्टेडियममधल्या काही लोकांनी जल्लोष केला. आपल्याच खेळाडूंनी हात हलवून त्यांना गप्प केलं. सगळ्यांनी त्या लोकांना नावं ठेवली, मीही ठेवली. पण बंड्या, घरी टीव्हीसमोर माझ्या तोंडून आधी ‘येस’ निघालं होतं. त्याचा चेहरा नंतर दिसला. ती मॅच आपण एका पॉइंटनं घालवली, तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं.

सहाव्या मॅचला त्यांच्याच क्ले थॉम्प्सनचा गुडघा गेला. तसल्या पायानं परत येऊन त्यानं दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत. ‘लंगड्या वॉरियर्सना हरवलंत’ हे तू म्हणणारच, तर आधीच सांगतो, ते मला मान्य नाही. २०१५ मध्ये याच वॉरियर्सनी फायनलमध्ये अर्विंग आणि लव्ह हे स्टार जखमी असलेल्या क्लीव्हलँडला हरवलं, तेव्हा कोणी कप परत मागितला नव्हता. कप आपलाच. ते ‘येस’ मात्र माझं आहे आणि ते काही जात नाही.

आणि आता कवायही गेला. शनिवारी उठलो तर बातमी, लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे. मला राग आला नाही, उलट हलकं वाटलं. आला तेव्हाच एका वर्षानंतर जायची मुभा होती, ते वर्ष त्यानं चोख खेळून दिलं. राहायची आस असलेला माणूस देऊन, जायच्या तयारीत असलेला आणला, एवढा आपला व्यवहार.

तुला उत्तर न देण्याचं खरं कारण आता लिहितो. उद्या पुन्हा कोणी विचारलं, डीरोझन देऊन हा एक जून महिना घेशील का, तर मी घेईन. फार विचार न करता घेईन. आणि घेतल्यावर पुन्हा तीच जर्सी घालून रस्त्यावर उतरेन.

जर्सीवरून आठवलं. त्या रात्री अंगात होती ती माझी नव्हती, सोफ्यावरून उचललेली तुझी होती. बगलेत जरा उसवली आहे, गर्दीत कोणीतरी ओढली. धुऊन ठेवलीय. पाठवू, की न्यायला येतोस?

तुझा,
जाड्या